ब्लॅक सॅबथ
इंग्लंडमधील एक ख्यातनाम रॉक संगीतवृंद. स्थापना बर्मिंगहॅम येथे १९६८ मध्ये. ‘हेवी मेटल’ या पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतप्रकाराच्या आद्य प्रवर्तकांत या वृंदाची गणना होते. त्या प्रकाराची ‘डूम मेटल’ ही सर्वांत संथ व विषण्ण शाखा तर प्रायः याच वृंदाच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांतून उगम पावली. ‘डूम’ या शब्दाला अटळ विनाश, दुर्दैवी भवितव्य अशा अर्थच्छटा आहेत. विलंबित लय, मंद्र सप्तकाकडे झुकणारा विद्युत् गिटारचा जड नाद आणि मृत्यू, युद्ध, व्यसन, एकाकीपणा यांसारखे विषय ही या शाखेची ठळक लक्षणे होत. वृंदाचे नाव व वेष्टनांवरील चित्रे यांमुळे त्यावर सैतानपूजेचा आरोप दीर्घकाळ होत राहिला. तथापि त्याचे संगीत व शब्दरचना तपासली असता हा आरोप टिकत नाही. या संगीताची मुळे गूढविद्येपेक्षा एका औद्योगिक नगरातील कामगारजीवनात अधिक खोलवर रुजलेली आढळतात.

पार्श्वभूमी व स्थापना : वृंदाचे चारही मूळ सदस्य बर्मिंगहॅममधील ॲस्टन व त्याच्या आसपासच्या कामगारवस्तीत वाढले. गिटारवादक अँथनी (टोनी) आयोमी (जन्म १९ फेब्रुवारी १९४८), ड्रमवादक विल्यम (बिल) वॉर्ड (जन्म ५ मे १९४८), गायक जॉन (ऑझी) ऑझबॉर्न (३ डिसेंबर १९४८–२२ जुलै २०२५) आणि बेस गिटारवादक टेरेन्स (गीझर) बटलर (जन्म १७ जुलै १९४९) असे हे चौघे होत. दुसऱ्या महायुद्धातील बाँबहल्ल्यांनी उद्‌ध्वस्त झालेल्या इमारतींचे अवशेष त्यांच्या बालपणी या भागात जागोजाग उभे होते. धातुकाम व मोटारउद्योग हे शहरातील उपजीविकेचे मुख्य साधन असल्याने शाळा सुटली की कारखाना, हा मार्ग बहुतेक मुलांना ठरलेला असे. ऑझबॉर्नने कत्तलखान्यात व मोटारीचे भोंगे तपासण्याच्या कारखान्यात काम केले आणि घरफोडीच्या गुन्ह्याबद्दल काही आठवडे कारावासही भोगला. बटलरने हिशेबनिसाचे काम शिकण्यास आरंभ केला होता.

आयोमी पत्रे कापण्या-दाबण्याच्या कारखान्यात कामाला होता. वयाच्या सतराव्या वर्षी त्याला वृंदासह परदेश दौऱ्याची संधी मिळाली व त्याने नोकरी सोडण्याचे ठरविले. कामाच्या अखेरच्या दिवशी, दुपारनंतर परत जाऊ नये असे त्याच्या मनात होते. परंतु आईच्या आग्रहावरून तो गेला. गैरहजर कामगाराच्या जागी दाबयंत्रावर काम करीत असता त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची व अनामिकेची अग्रे तुटली. आयोमी डावखुरा असल्याने गिटारच्या तारा दाबण्याचा त्याचा हात उजवा होता. त्यामुळे वादन कायमचे संपले असेच वैद्यांचे मत पडले. या काळात कारखान्यातील मुकादमाने त्याला जँगो राइनहार्ट (१९१०–५३) या जाझ गिटारवादकाची ध्वनिमुद्रिका ऐकविली. भाजल्यामुळे राइनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती व उरलेल्या बोटांवर त्याने श्रेष्ठ दर्जाचे वादन केले होते. या उदाहरणाने धीर येऊन आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे घडविली व त्यांवर चामड्याचे तुकडे चिकटविले. जाड तारा दाबणे अवघड जाऊ लागल्याने त्याने बँजो या वाद्याच्या पातळ तारा वापरून पाहिल्या. पातळ तारांचे गिटार-संच त्या वेळी बाजारात सहज मिळत नसत.

आयोमी व वॉर्ड हे ‘मिथॉलॉजी’ या वृंदात, तर बटलर व ऑझबॉर्न हे ‘रेअर ब्रीड’ या वृंदात होते. दोन्ही वृंद मोडल्यावर १९६८ मध्ये हे चौघे एकत्र आले. आयोमी व ऑझबॉर्न हे पूर्वी एकाच शाळेत शिकलेले होते. ‘पोल्का टल्क ब्लूज बँड’ व नंतर ‘अर्थ’ अशी नावे घेऊन त्यांनी आरंभी अमेरिकी कृष्णवर्णीयांचे ब्लूज संगीत व जाझच्या वळणाच्या रचना सादर केल्या. १९६८ च्या अखेरीस आयोमी ‘जेथ्रो टल’ या प्रस्थापित वृंदात काही काळ गेला. पण लवकरच परतला आणि तेथे पाहिलेली नियमित तालमीची शिस्त त्याने आपल्या वृंदात आणली. ‘अर्थ’ नावाचा दुसरा वृंद अस्तित्वात असल्याने १९६९ मध्ये नाव बदलावे लागले. तालमीच्या जागेसमोरील चित्रपटगृहात मारिओ बाव्हाचा ब्लॅक सॅबथ (१९६३) हा भयपट लागलेला होता आणि भिण्यासाठी लोक पैसे मोजतात, तर भीतिदायक संगीत का करू नये, असा विचार त्यावरून सदस्यांना सुचला, अशी हकीकत सांगितली जाते. याच नावाचे गीत त्यांनी रचले व पुढे तेच वृंदाचे नाव झाले.

आरंभीच्या ध्वनिमुद्रिका : ब्लॅक सॅबथ ही पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका लंडन येथे ऑक्टोबर १९६९ मध्ये एका दिवसात मुद्रित झाली. रॉजर बेन हा तिचा निर्माता होता. वृंद रंगमंचावर वाजवीत असे तसेच या वेळी वाजविले गेले. पावसाचा, गडगडाटाचा व घंटेचा ध्वनी मात्र नंतर जोडण्यात आला. १३ फेब्रुवारी १९७० रोजी, म्हणजे पाश्चात्त्य समजुतीनुसार अशुभ मानल्या गेलेल्या तेरा तारखेच्या शुक्रवारी, ‘व्हर्टिगो’ कंपनीने ती प्रकाशित केली. ब्रिटनमधील विक्रीच्या क्रमवारीत तिने आठवे स्थान मिळविले. समीक्षकांनी मात्र तिची उपेक्षा केली. रोलिंग स्टोन या अमेरिकी नियतकालिकात लेस्टर बँग्झ याने तिच्यावर कडक टीका केली.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पॅरानॉइड ही दुसरी ध्वनिमुद्रिका निघाली व ब्रिटनमध्ये विक्रीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. ‘पॅरानॉइड’ हे शीर्षकगीत मुद्रिकेची लांबी भरून काढण्यासाठी ऐनवेळी रचलेले होते. तेच वृंदाचे सर्वांत लोकप्रिय गीत ठरावे, हा योगायोग उल्लेखनीय आहे. ‘वॉर पिग्ज’, ‘आयर्न मॅन’, ‘इलेक्ट्रिक फ्यूनरल’ व ‘हँड ऑफ डूम’ या महत्त्वाच्या रचना याच मुद्रिकेत आहेत. मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी (१९७१) ही तिसरी ध्वनिमुद्रिका डूम मेटलच्या दृष्टीने सर्वांत प्रभावी मानली जाते. लॉस अँजेल्स येथे मुद्रित झालेल्या व्हॉल्यूम फोर (१९७२) मध्ये ‘चेंजिस’ हे केवळ पियानो व तंतुवाद्यांसारख्या सुरावटीवर आधारलेले शोकगीत आले. ग्लॉस्टरशरमधील एका जुन्या किल्ल्यात रचलेल्या सॅबथ ब्लडी सॅबथ (१९७३) या मुद्रिकेत कळफलक वाद्यांना अधिक वाव मिळाला. सॅबटाझ (१९७५) नंतर मात्र व्यवस्थापकांशी तंटे, आर्थिक वाद आणि मद्य व अमली पदार्थांचे वाढते व्यसन यांनी वृंद पोखरला गेला.

संगीतशैली : या शैलीचा गाभा म्हणजे ‘रिफ’. पुनःपुन्हा आवर्तित होणाऱ्या लहानशा स्वराकृतीला रिफ म्हणतात. आपल्याकडे कथक नृत्याच्या किंवा स्वतंत्र तबलावादनाच्या साथीला जो लेहरा वाजतो, त्याच्याशी तिची तुलना आवर्तनापुरती करता येईल. परंतु लेहरा पार्श्वभूमीला राहतो, तर येथे रिफ हाच रचनेचा मुख्य विषय असतो व गायन त्याच्या अनुषंगाने चालते. ‘आयर्न मॅन’मध्ये गायक गिटारचीच स्वराकृती जशीच्या तशी गातो. एका गीतात तीन-चार निरनिराळ्या रिफ एकापुढे एक येतात व प्रत्येकीबरोबर लय बदलते, त्यामुळे रचना सामान्य लोकप्रिय गीतापेक्षा लांब व खंडात्मक होते.

‘ब्लॅक सॅबथ’ या गीताची मुख्य रिफ केवळ तीन स्वरांची आहे. आधारस्वर षड्ज मानल्यास सा, तार सा आणि तेथून उतरून तीव्र मध्यम, असा तिचा क्रम आहे. तीव्र मध्यमावर कंपन देऊन तो बराच वेळ लांबविला जातो. पंचम अवघ्या एका अर्धस्वरावर असूनही तेथे स्वर विसावत नाही. षड्ज व तीव्र मध्यम यांमधील हे सहा अर्धस्वरांचे अंतर पाश्चात्त्य संगीतशास्त्रात ‘ट्रायटोन’ म्हणून ओळखले जाते. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या संगीतविषयक ग्रंथांत त्याला ‘संगीतातील सैतान’ असे म्हटलेले आढळते. मध्ययुगात चर्चने त्यावर बंदी घातली होती, ही लोकप्रिय समजूत मात्र निराधार आहे. गायनास अवघड व विसंवादी म्हणून ते टाळले जाई, एवढेच खरे. यमन किंवा मारवा या रागांत तीव्र मध्यम रोज ऐकणाऱ्या भारतीय श्रोत्याला हे सहज पटेल, की भय स्वरात नसून त्याच्या योजनेत असते. बटलर त्या सुमारास गस्टाव्ह होल्स्ट याच्या द प्लॅनेट्स या वाद्यवृंदरचनेतील ‘मार्स’ हा युद्धदेवतेवरील भाग वाजवून पाहत असे व त्यातूनच आयोमीला ही रिफ सुचली, असे सदस्यांनी सांगितले आहे. होल्स्टच्या रचनेतही हेच स्वरांतर अशुभसूचक रीतीने योजलेले आहे.

दुसरे वैशिष्ट्य नादाचे. आयोमी बहुधा षड्ज व पंचम एवढेच स्वर एकत्र छेडतो आणि गंधार वगळतो. ध्वनिवर्धक त्याच्या क्षमतेपेक्षा अधिक चालविला, म्हणजे नादाच्या तरंगाची शिखरे कापली जातात व मूळ स्वरांत नसलेले अनेक उपस्वर निर्माण होतात. गंधार असल्यास हे उपस्वर परस्परांशी भांडतात व नाद गढूळ होतो. षड्ज-पंचमाची जोडी मात्र या विरूपणातही भक्कम राहते. गंधार नसल्याने ही जोडी पाश्चात्त्य अर्थाने ‘मेजर’ही नसते व ‘मायनर’ही नसते. तिचा भाव प्रसन्न वा करुण असा ठरत नाही. ती केवळ उग्र व रिती भासते. याच विरूपणामुळे आणखी एक गोष्ट साधते. छेडलेल्या तारेचा नाद एरवी झपाट्याने क्षीण होतो. पण ध्वनिवर्धक त्याचे चढउतार सपाट करीत असल्याने तो दीर्घकाळ टिकतो. स्वर टिकू लागला म्हणूनच लय एवढी संथ करणे शक्य झाले. विलंबित ख्यालात संथ लय विस्ताराला अवकाश देते; येथे ती प्रत्येक आघाताचे वजन वाढविते.

तिसरे वैशिष्ट्य उतरविलेल्या सुरांचे. मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटीमधील ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’, ‘लॉर्ड ऑफ धिस वर्ल्ड’ व ‘इन्टू द व्हॉइड’ या गीतांत आयोमीने गिटारच्या सर्व तारा तीन अर्धस्वरांनी उतरविल्या व बटलरनेही त्याला अनुसरले. गिटारच्या सर्वांत खालच्या तारेची कंप्रता सामान्यतः ८२·४ हर्ट्झ असते. ती येथे ६९·३ हर्ट्झ झाली. कंप्रता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलत असल्याने तारेवरील ताण सु. ३० टक्क्यांनी घटला. दुखऱ्या बोटांना तारा दाबणे व खेचणे त्यामुळे सुकर झाले आणि त्याचबरोबर नाद अधिक खोल व जड झाला. आज डूम मेटलमधील बहुतेक वृंद अशाच किंवा याहूनही खाली उतरविलेल्या सुरांत वाजवितात. एका कामगाराने आपल्या जखमेशी केलेली तडजोड अशा रीतीने एका संगीतप्रकाराचा संकेत बनली.

तथापि या अपघातावरच सर्व शैलीचा भार टाकणे योग्य होणार नाही. पहिल्या दोन ध्वनिमुद्रिका नेहमीच्या सुरांतच वाजविलेल्या आहेत आणि ‘ब्लॅक सॅबथ’ या गीताचा जडपणा स्वरयोजना, लय व अवकाश यांतूनच आलेला आहे. शिवाय ही शैली एकट्या गिटारची नाही. बटलर मूळचा तालगिटारवादक असल्याने तो बेस गिटारवर केवळ आधारस्वर न देता रिफ सोबतीने वाजवितो आणि आयोमी एकल वादनाकडे वळला, की तीच रिफ खाली चालू ठेवतो. जीन क्रूपा व बडी रिच या जाझ ड्रमवादकांचा आदर्श मानणारा वॉर्ड केवळ मात्रा मोजत नाही. तो गायकाच्या ओळींना उत्तरे देतो, मध्ये मौन ठेवतो, तालाला किंचित हेलकावा देतो. ‘वॉर पिग्ज’मध्ये गायनाच्या ओळींखाली झांजेच्या टिचक्यांखेरीज काहीच वाजत नाही, या मौनाचा परिणाम मोठ्या आवाजाहून अधिक आहे. ऑझबॉर्नचा आवाज फार विस्ताराचा नव्हता. पण त्याच्या उंच, सपाट व आर्जवी स्वरात भयभीत माणसाचा आक्रोश होता आणि खालच्या जड नादापुढे तो एकाकी उभा असल्यासारखा वाटे. पुढील अनुकारकांना नेमका हाच मानवी भाग साधणे कठीण गेले.

शब्दरचना व सैतानपूजेचा आरोप : बहुतेक गीतांची शब्दरचना बटलरची आहे. त्याचे कुटुंब कॅथलिक होते. तरुणपणी त्याला गूढविद्येचे कुतूहल वाटले. एका रात्री पलंगाच्या पायथ्याशी काळी आकृती दिसल्याचा भास झाल्यावर तो त्या नादापासून दूर झाला, असे त्याने सांगितले आहे. ‘ब्लॅक सॅबथ’ या गीताचा विषय हाच असून त्यातील निवेदक सैतानाची उपासना करीत नाही. तो घाबरून देवाचा धावा करतो. ‘आफ्टर फॉरएव्हर’ हे गीत तर उघडपणे ख्रिस्ती श्रद्धेचा पुरस्कार करते. ‘वॉर पिग्ज’मध्ये स्वतः सुरक्षित राहून गरिबांच्या मुलांना रणांगणावर पाठविणाऱ्या राज्यकर्त्यांची चेटकिणींशी तुलना केलेली आहे व अखेरीस ईश्वरी न्यायाचे चित्र आहे. ‘हँड ऑफ डूम’ हे व्हिएटनाम युद्धावरून हेरॉइनचे व्यसन घेऊन परतलेल्या अमेरिकी सैनिकांविषयी, ‘इलेक्ट्रिक फ्यूनरल’ अणुयुद्धाविषयी, तर ‘इन्टू द व्हॉइड’ दूषित पृथ्वी सोडून जाणाऱ्या मानवांविषयी आहे. ‘आयर्न मॅन’चा नायक भविष्यातील सर्वनाश पाहून लोकांना सावध करण्यासाठी परततो, पण वाटेत पोलादाचा झालेला तो मूक राक्षस कोणीच ओळखत नाही आणि अखेर तोच सूड घेतो. या सर्व गीतांत सैतान हा दुष्टतेचे प्रतीक म्हणून येतो, उपास्य म्हणून नव्हे.

आरोपाला प्रकाशन कंपनीची जाहिरातदृष्टीही कारणीभूत झाली. पहिल्या मुद्रिकेच्या वेष्टनावर जुन्या पाणचक्कीसमोर उभी असलेली कृष्णवस्त्रा स्त्री दिसते. वेष्टनाच्या आतील बाजूस उलटा क्रूस छापण्यात आला. तो सदस्यांना न विचारता घातलेला होता. याउलट सदस्य गळ्यात जे क्रूस घालीत, ते सरळ होते. कारखान्यात हत्यारे घडविणाऱ्या ऑझबॉर्नच्या वडिलांनी ते धातूचे करून दिले होते. पुढे वृंदात आलेला गायक रॉनी जेम्स डीओ तर्जनी व करंगळी उभारून करीत असलेली हस्तमुद्रा जगभर हेवी मेटलची खूण झाली. तीही सैतानाची मानली गेली; वस्तुतः दृष्ट लागू नये म्हणून त्याची इटालियन वंशाची आजी ती करीत असे.

नंतरचा काळ : टेक्निकल एक्स्टसी (१९७६) व नेव्हर से डाय! (१९७८) या मुद्रिकांनंतर १९७९ मध्ये ऑझबॉर्नला वृंदातून काढण्यात आले. त्याने पुढे स्वतंत्रपणे मोठे यश मिळविले. त्याच्या जागी आलेल्या डीओ (१९४२–२०१०) याचा आवाज बलदंड व विस्तृत होता. तो रिफला अनुसरण्याऐवजी तिच्यावर स्वतंत्र चाल रचून गाई. त्यामुळे हेवन अँड हेल (१९८०) व मॉब रूल्स (१९८१) या मुद्रिकांत वृंदाचे रूप अधिक भव्य व गतिमान झाले. त्यानंतर इअन गिलन, ग्लेन ह्यूझ, टोनी मार्टिन असे गायक बदलत गेले. सर्व स्थित्यंतरांत कायम राहिलेला सदस्य एकटा आयोमी होय. फिलाडेल्फिया येथील ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमात (१९८५) मूळ चौघे क्षणभर एकत्र आले; १९९७ मध्ये बर्मिंगहॅम येथे त्यांचे पुनर्मीलन झाले. त्या कार्यक्रमांतील ‘आयर्न मॅन’ला २००० मध्ये ग्रॅमी पारितोषिक मिळाले. २००६ मध्ये अमेरिकेतील ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये वृंदाचा समावेश झाला.

२०१२ मध्ये आयोमीला लसिका-ऊतकांचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. उपचार चालू असतानाच थर्टीन (२०१३) ही मुद्रिका पूर्ण झाली. कराराविषयीच्या मतभेदामुळे वॉर्ड तीत नव्हता. ही वृंदाची एकोणिसावी व अखेरची स्टुडिओ-मुद्रिका. पॅरानॉइडनंतर ४३ वर्षांनी तिने ब्रिटनमध्ये पुन्हा पहिला क्रमांक मिळविला. ४ फेब्रुवारी २०१७ रोजी बर्मिंगहॅम येथे निरोपाच्या दौऱ्याची सांगता झाली.

डूम मेटलवरील प्रभाव : १९७० नंतरच्या दशकात या वृंदाच्या वेगवेगळ्या अंगांचा वारसा वेगवेगळ्या दिशांनी गेला. १९८० च्या सुमारास हेवी मेटलचा ओढा वेगाकडे होता. अतिद्रुत लय हेच कौशल्याचे गमक ठरू लागले होते. अशा वेळी संथ वाजविणे हा हेतुपुरस्सर घेतलेला पवित्रा होता व त्यातूनच डूम मेटल ही वेगळी शाखा ओळखली जाऊ लागली. इंग्लंडमध्ये ‘विचफाइंडर जनरल’, अमेरिकेत ‘पेंटाग्राम’, ‘ट्रबल’ व ‘सेंट व्हायटस’ हे तिचे आरंभीचे वृंद होत. ‘सेंट व्हायटस’ने आपले नावच व्हॉल्यूम फोरमधील एका गीतावरून घेतले. ‘ट्रबल’च्या गीतांत बायबलमधील आशयाला मोठे स्थान होते, ही शाखा स्वभावतःच धर्मद्रोही नाही, याचे ते बोलके उदाहरण होय. स्टॉकहोम येथील ‘कँडलमास’च्या एपिकस डूमिकस मेटॅलिकस (१९८६) या मुद्रिकेने शाखेचे नाव रूढ करण्यास हातभार लावला आणि संथ रिफला ऑपेराच्या वळणाचे भारदस्त गायन जोडले.

१९९० नंतर या शाखेला अनेक फाटे फुटले. उत्तर इंग्लंडमधील ‘पॅराडाइज लॉस्ट’, ‘माय डाइंग ब्राइड’ व ‘अनॅथेमा’ यांनी तीत घोगरे, गुरगुरते गायन व शोकगंभीर सुरावटी आणल्या. कॉव्हेंट्रीच्या ‘कथीड्रल’ने आरंभी लय आणखी संथ केली. कॅलिफोर्नियातील ‘स्लीप’ने सु. एक तासाचे एकच गीत रचून आवर्तनाला जवळजवळ ध्यानाचे रूप दिले. सिअ‍ॅटल भागातील ‘अर्थ’ने तर ताल बहुतांशी वगळून केवळ लांबविलेल्या नादाचा आधार घेतला, ब्लॅक सॅबथचे टाकून दिलेले जुने नावच या वृंदाने धारण केले होते. या सर्वांनी मूळ शैलीतील एकेक लक्षण टोकाला नेले. मूळ वृंदात मात्र संथ व द्रुत, कर्कश व हळुवार यांचा समतोल होता. ‘ब्लॅक सॅबथ’ हे गीत स्वतःच अखेरीस वेगाने धावू लागते आणि मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटीमध्ये जड गीतांच्या मध्ये साध्या गिटारवरील शांत तुकडे आहेत. डूम मेटलचा जनक म्हणून या वृंदाचा गौरव करताना हा फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

मूल्यमापन : समकालीन समीक्षकांनी या संगीताला बोजड व प्राथमिक ठरविले, कारण त्यांचे निकष ब्लूजमधील लवचिकता व वादनातील चपळाई हे होते. कारखान्यातील यंत्रांचा सततचा एकसुरी आघात, कोंदट वस्ती आणि पुढच्या महायुद्धाची धास्ती यांच्या छायेत वाढलेल्या तरुणांना आपला अनुभव त्यात ओळखू आला, हे त्यांच्या ध्यानी आले नाही. जन्मगावानेही या वृंदाची दखल उशिराच घेतली. २०१९ मध्ये शहरातील एका कालव्यावरील पुलाला वृंदाचे नाव देण्यात आले व त्याच वर्षी तेथील संग्रहालयात वृंदाच्या पन्नास वर्षांवरील प्रदर्शन भरले. २०२३ मध्ये बर्मिंगहॅम रॉयल बॅलेने या संगीतावर आधारलेले नृत्यनाट्य सादर केले. जून २०२५ मध्ये चारही सदस्यांना नगराचे सन्माननीय नागरिकत्व मिळाले.

५ जुलै २०२५ रोजी ॲस्टनमधील ‘व्हिला पार्क’ या क्रीडांगणावर मूळ चौघे वीस वर्षांनी एकत्र आले. हा कार्यक्रम पार्किन्सन रोगावरील संशोधन व आजारी मुलांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थांच्या साहाय्यार्थ होता. पार्किन्सन रोगामुळे उभे राहू न शकणारा ऑझबॉर्न सिंहासनासारख्या आसनावर बसून गायला. ‘वॉर पिग्ज’, ‘एन. आय. बी.’, ‘आयर्न मॅन’ व ‘पॅरानॉइड’ अशी चार गीते त्यांनी सादर केली. त्यानंतर सतरा दिवसांनी ऑझबॉर्नचे निधन झाले. अंत्ययात्रेच्या वेळी त्याच्या नावाच्या फलकांसह हजारो नागरिक बर्मिंगहॅमच्या रस्त्यांवर जमले होते आणि ‘ब्लॅक सॅबथ’ पुलापाशी पुष्पगुच्छांची रास साचली होती.